सहावी प्रत

१

"बोलत नाही हो ती. नुसती ऐकते."

सासूबाई स्वयंपाकघरात सासऱ्यांना हे सांगत होत्या आणि मी खिडकीबाहेरच्या दोरीवर ओले टॉवेल वाळत घालत होते. मधे फक्त अर्धा पडदा होता. लग्नाला पाच आठवडे झाले होते. पाच आठवड्यांत सुनेबद्दल याहून गोड काही बोललं जात असेल अशी माझी समजूत नव्हती, आणि वाक्यात चूक काढण्यासारखं तरी काय होतं? मी बोलत नाही. ऐकते. मी चिमटा लावला आणि पुढचा टॉवेल झटकला.

"ऐकू दे की," सासरे म्हणाले. "आपलं काय जातं?"

"जात काही नाही. पण कधी बोलायला लागली म्हणजे?"

हे मला जरा जास्तच वाटलं. मला आजवर कोणीच घाबरलं नव्हतं. शाळेत मला मॉनिटर केलं होतं, तेव्हाही वर्ग खुशाल गोंधळ घालायचा.

माझं कामच गप्प बसण्याचं आहे. मी मुद्रितं तपासते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढते. शाळेची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांबरोबर येणाऱ्या आणि कोणीही न वाचणाऱ्या पुस्तिका. घरातली मागची खोली मला या कामासाठी दिली होती. एक ओळ वाचून झाली की तिच्या शेवटी मी पेन्सिलीने बारीकसं टिंब देते, म्हणजे ती पुन्हा वाचावी लागत नाही. पहिल्या नोकरीतली ही सवय अजून सुटलेली नाही.

घरात माणसं पाच. सासरे, सासूबाई, माझा नवरा, त्याची थोरली बहीण आणि मी. ही नणंद गणित शिकवते. तिला सगळे अक्का म्हणतात आणि थोडे वचकून असतात. सासऱ्यांची तीस वर्षं गोंद बनवणाऱ्या कंपनीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कादंबरी लिहिली, 'पाच प्रती'. कंपनीच्या नव्या गोंदाची कृती प्रतिस्पर्ध्याकडे झिरपते आहे. फितूर कोण ते शोधायला मालक पाच संशयितांना त्याच कागदाच्या पाच प्रती देतो आणि प्रत्येक प्रतीत एक वेगळी बारीक चूक पेरून ठेवतो. जी चूक पलीकडच्या कंपनीत उगवेल, त्या प्रतीचा माणूस फितूर. शेवटच्या पानावर पलीकडे कागद सापडतो खरा, पण त्यातली चूक पाचांपैकी एकाही प्रतीत नसते.

म्हणजे सहावी प्रत होती. ती कोणाची, हे पुस्तकात नाही. सासरे म्हणतात, ते वाचकांवर सोडलंय. अक्का म्हणते, बाबांनाच सुचलं नाही.

दर शनिवारी प्रकाशकाकडून खाकी पाकीट यायचं. त्यात वाचकांचे अभिप्राय असायचे, मेल कागदावर छापून आणि पत्रं जशीच्या तशी. चार वाजताच्या चहाला ते मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. नंतर कप धुण्याचंही. पहिल्या शनिवारपासून मी सहा कप धुते आहे. माणसं पाच, कप सहा. कोणीतरी दुसरा चहा वेगळ्या कपात घेत असेल, असं मी धरून चालले. सासरी पहिल्या महिन्यात कप मोजणं बरं दिसत नाही.

२

अभिप्राय वाचायला मजा यायची.

एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "फितूर कोण, हे मला पान बारावर कळलं. पुढची दोनशे अठ्ठावीस पानं मी केवळ सौजन्य म्हणून वाचली." एका बाईंनी विचारलं होतं, "नायक सबंध पुस्तकात एकदाही घरी फोन करत नाही. असला माणूस कंपनीशी काय इमान राखणार?" तिसरीने कळवलं होतं, "वाचल्यापासून नवऱ्याच्या फोनवर नजर ठेवून आहे. काही सापडलं नाही. निराशा झाली." आणि एक तज्ज्ञ म्हणत होते, "एकशे दहा अंशांना गोंद करपतो. दुरुस्ती व्हावी."

"आमचा नाही करपायचा," सासरे म्हणाले.

त्या पाकिटात शेवटी एक टंकलेला कागद होता. पत्ता नव्हता. खाली फक्त 'एक वाचक'. मी वाचला.

"पान सत्त्याऐंशी. मागच्या खोलीतल्या कपाटाचं दार लागत नाही म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी सरकवलेली आहे, आणि घडीवर नेमकी शब्दकोड्याची बाजू बाहेर आली आहे. हा बारकावा आवडला."

"वा," सासरे म्हणाले. "असं लिहिलं होतं मी?"

"बाबा, तुम्ही लिहिलंत आणि तुम्हीच विचारताय," अक्का म्हणाली.

"दोनशे चाळीस पानं लिहिली आहेत बाई. वाचक म्हणतोय म्हणजे असणारच."

कप विसळून मी मागच्या खोलीत गेले आणि पान सत्त्याऐंशी काढलं. तिथे संचालकांची बैठक होती. कपाट नव्हतं. आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा पानांतही नव्हतं. खोलीत मात्र होतं. त्याचं दार लागत नाही, आणि गुरुवारी दुपारी मीच फटीत वर्तमानपत्राची घडी सरकवली होती. कोडं बाहेरच्या बाजूला होतं. आडवं सात मी अर्धवट सोडलं होतं.

माणूस अशा वेळी आधी सरळ कारण शोधतो. मीही शोधलं. कपाटं सगळीकडे असतात, ती सगळीकडे बिघडतात, आणि घडी सगळेच घालतात. शब्दकोडंही कुठल्या तरी बाजूला यायचंच. हे पटवून घ्यायला मला पाऊण तास लागला. पटलं नाही, पण कुतूहल वाढलं. खरं सांगायचं तर पुढच्या शनिवारची मी वाट पाहू लागले.

३

पुढच्या पाकिटातही तो कागद सगळ्यात खाली होता.

"पान एकशे बारा. नवरा दुसऱ्या कादंबरीचा विषय काढतो तेव्हा बायको ऐकण्याचं यंत्र हळूच कानातून काढून साखरेच्या डब्याच्या झाकणात ठेवते आणि पुढचा अर्धा तास मान डोलावत राहते. हसू आलं."

कोणाला हसू आलं नाही. सासूबाईंचा हात आपसूक कानाकडे गेला. सासऱ्यांनी साखरेच्या डब्याकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"अर्धा तास?" ते म्हणाले.

"कधीतरी," सासूबाई म्हणाल्या.

मी ते पाहिलं होतं. एकदाच, दारातून जाता जाता. कोणाला सांगितलं नव्हतं. मी सांगते कोणाला?

"पुस्तकातसुद्धा," अक्का बिस्कीट मोडत म्हणाली, "गळती नवीन माणूस रुजू झाल्यावरच सुरू होते. नाही का रे?"

नवऱ्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि उजेडात धरला. मग त्याने तो माझ्याकडे सरकवून ओळींच्या शेवटाला बोट लावलं. प्रत्येक ओळीनंतर पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

माझ्या हातात पेन्सिल नव्हती. चहाला बसताना मी ती आणत नाही. पण सवयीचा काय भरवसा? पाकीट आलं तेव्हा मी मागच्या खोलीत कागद चाळले असतील, टिंबं दिली असतील आणि विसरले असेन. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आठवलं, की पाकीट चहाच्या वेळी सगळ्यांसमोर अक्कानेच फोडलं होतं.

खोलीत गेल्यावर नवरा म्हणाला, "गंमत म्हणून लिहीत असशील तर हरकत नाही. फक्त मला सांग."

"मी लिहीत नाही."

"बरं." त्या 'बरं'मध्ये जागा खूप होती, त्यात मी अख्खी मावले असते. "मग एक करू. पुढच्या आठवड्यापर्यंत पाहू. नाहीच उलगडलं तर तू चार दिवस आईकडे जाऊन ये. तेवढ्यात पत्रं येतात का ते कळेल. पुस्तकातही संशयिताला रजेवर पाठवतातच ना."

तो हसत म्हणाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण मला हिशेब कळला. मी माहेरी गेले आणि पत्रं थांबली, तर परत येईन ती सून म्हणून नाही, सापडलेली म्हणून येईन. मग जन्मभर मी कपात चमचा वाजवला तरी घरातलं बोलणं थांबेल.

४

तेव्हा मी सासऱ्यांच्याच पुस्तकातला सापळा लावला.

माझ्याकडे निळ्या खड्याची कानातली आहेत. एका मैत्रिणीने ती स्वतः बनवली. तिची पहिलीच आणि शेवटची जोडी. डाव्या कानातल्याचा खडा किंचित तिरका बसला आहे. ते डावं कानातलं मी सोमवारी पेन्सिलींच्या डब्यात टाकलं, हरवल्याचं सगळ्यांना सांगितलं आणि दोन दिवस एका कानाने हिंडले. बुधवारी दोन्ही घातली. ते कुठे सापडलं, हे प्रत्येकाला एकेकट्याला गाठून सांगितलं. सासूबाईंना म्हटलं बेसिनमागे. सासऱ्यांना म्हटलं बुटात. अक्काला म्हटलं छत्रीत. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या कोटाच्या खिशात. या झाल्या चार प्रती. पाचवी, पेन्सिलींच्या डब्याची, माझ्यापाशी. ती मी उच्चारलीसुद्धा नाही.

शनिवारी अक्काने पाकीट फोडलं. तो कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदाच मी तो आधी मनात वाचला. ओळ गाळता आली असती. पण ओळ गाळणं मला जमत नाही, हा धंद्याचा दोष.

"पान एकशे नव्वद," मी वाचलं. "हरवलेलं कानातलं मागच्या खोलीच्या खिडकीच्या रुळात असतं, हा प्रसंग छान जमला आहे."

"रुळात कुठे?" नवरा म्हणाला. "माझ्या कोटात होतं ना?"

"छत्रीत," अक्का म्हणाली. "मला म्हणाली छत्रीत."

"अहो, बुटात," सासरे म्हणाले. "मी बूट झटकून पाहिले, दुसरंही असलं तर म्हणून."

सगळे माझ्या कानांकडे पाहत होते. दोन्ही कानांत दोन्ही होती.

कागद वाचण्याआधी घरातले सगळे तो 'एक वाचक' शोधत होते. वाचल्यानंतर शोधायचं काही उरलं नाही. चार माणसांना चार थापा मारणारी बाई टेबलापाशीच बसली होती. पेरलेली चूक सापडली होती आणि ती मीच होते.

"हुशार आहेस," अक्का शांतपणे म्हणाली. गणितात काठावर पास झालेल्या मुलांना ती असंच म्हणत असावी.

नवरा उठून आत गेला. "पुढच्या रविवारचं तिकीट काढतो," एवढंच म्हणाला. मी त्याच्यामागे गेले, खोलीचं दार लोटलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "रविवारी सकाळची गाडी चालेल?"

५

मी खिडकीचा रूळ सोमवारी पाहिला. आधी पाहिला नाही, कारण आधी पाहायचं धाडस नव्हतं, आणि सोमवारी ते होतं असंही नाही. पण दोन दिवस एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, की मग तिथे काय आहे?

दुपारची वेळ होती. काच सरकवली. रुळात धूळ, एक मेलेली माशी आणि निळ्या खड्याचं कानातलं.

मी कानांना हात लावला. दोन्ही जागेवर होती. मग वाकून पाहिलं. रुळातल्या कानातल्याचा खडा तिरका होता. तितकाच, त्याच बाजूला. नक्कल करणाऱ्याने चूकसुद्धा नीट उतरवून घेतली होती.

मी ते उचललं नाही. काच पुन्हा सरकवली, कपाटातली घडी नीट केली आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चहाची भांडी पुसत होत्या. एरवी मी विचारलं नसतं.

"आई, त्या दिवशी तुम्ही बाबांना म्हणालात ते मी ऐकलं. मी नुसती ऐकते, म्हणून तुम्हाला भीती वाटते, ते."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं.

"अगं, ते तुझ्याबद्दल नव्हतं."

"मग कोणाबद्दल?"

त्यांनी हातातला कप फळीवर ठेवला. त्याच्या शेजारचा सरळ केला. "तू कप मोजतेस ना? मी पाहिलंय."

"हो."

"मोजू नकोस. मी नवी आले तेव्हा मीही मोजायचे."

"मग?"

"मग पोरं झाली, कामं वाढली. कोण मोजत बसतं?" त्यांनी फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं. "त्रास काही नाही तिचा. बोलत नाही, हे एक बरं आहे. बाकी घर म्हटलं की काही ना काही असतंच."

मी आणखी विचारणार होते. पण त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि साखरेच्या डब्याच्या झाकणात ठेवलं. माझ्यादेखत, माझ्याकडे पाहत.

त्यांचं वय झालं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्यांना घरात नसलेले आवाज येतात, हे मी एका माहितीपत्रकात तपासलं होतं. परतताना खिडकीशी थांबले. रुळात धूळ होती. माशी होती.

६

रविवार उद्यावर आला होता. माझी बॅग दाराशी उभी होती. चहाला सगळे बसले. माझी पाठ मागच्या खोलीच्या दाराकडे होती. सासूबाईंनी मोठी स्टीलची किटली मधोमध ठेवली आणि कप मांडले. मी मोजले नाहीत.

पाकिटात त्या आठवड्याला एकच कागद होता.

"पान दोनशे एकेचाळीस," मी वाचलं. पुस्तक दोनशे चाळीसला संपतं. "रविवारच्या सकाळच्या गाडीने सून माहेरी जाते. तरी घरात कोणालाच काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. चहा वेळेवर होतो, कागद वेळेवर वाचले जातात. सबंध पुस्तकात मला हे प्रकरण सर्वांत आवडलं."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "सकाळची गाडी आपण खोलीत ठरवली. दार लोटून. तू आणि मी."

"हो," मी म्हणाले.

"मग आता मी काय समजू?"

"एकदाचं 'मीच' म्हण आणि मोकळी हो," अक्का म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "कोणी रागावणार नाही. थट्टा होती, संपली. बॅग उचलून आत ठेव."

"आणि मला तर लिहिलेलं आवडलंच आहे," सासरे म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीत कपाटाचं घालावं म्हणतो."

नवरा वाट पाहत होता. त्याला मी जायला नको होते, हे तेव्हा त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. त्याला एक शब्द हवा होता. खोटा असला तरी त्याला चालला असता. आणि मी गेले तर इथे कोण राहणार, हे मी नुकतंच मोठ्याने वाचलं होतं.

विचार करायला वेळ हवा म्हणून मी चहाचा मोठा घोट घेतला. फार गरम होता. गिळवेना आणि थुंकवेना, म्हणून मी तो तोंडातच धरून बसले.

"हो," माझा आवाज म्हणाला. "मीच."

अगदी माझाच. बोलण्याआधी मी क्षणभर अडखळते, तो क्षणही त्यात होता. फक्त तो माझ्या पाठीमागून आला, मागच्या खोलीच्या दारातून.

अक्का हसली. नवऱ्याचे खांदे सैल झाले आणि त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "बघ," तो म्हणाला, "किती सोपं होतं." सासऱ्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

सासूबाईंनी कप उचलला होता, तो हवेतच राहिला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

मी वळले नाही. समोर किटली होती. तिच्या फुगीर पोटावर आम्ही सगळे लांबट, वाकडे बसलेलो होतो. सासरे, सासूबाई, अक्का, नवरा, मी. माझ्या मागे दाराच्या चौकटीत आणखी एक लांबट काहीतरी उभं होतं, आणि डोकं असावं तिथे एका बाजूला बारीकसं निळं चमकत होतं. किंचित तिरकं.

गप्प राहिले असते तर सगळं मिटत होतं. माफी झाली होती, बॅग आत जाणार होती. आणि गप्प राहणं तर माझ्या हातचा मळ. मी चहा गिळला. जीभ पोळली होती. कप दोन्ही हातांनी खाली ठेवला, नवऱ्याचा हात मनगटावरून बाजूला केला आणि सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"मी अजून तोंड उघडलेलं नाही," मी म्हणाले.